लक्ष्मीपुरीतले टेपवाले मामा : जावं की नाही?

टेपवाले मामा म्हणजे जुने हँडीकॅम दुरुस्त करणारे. आधी निकाल सांगते, कारण निम्मे लोक तेवढंच वाचतात. घरात जुन्या हँडीकॅमच्या टेपा पडून असतील, कॅमेरा चालू होत असेल पण चित्र फाटत असेल, चौकोन दिसत असतील किंवा टेप आत अडकत असेल, तर जा. मात्र त्याच कॅमेऱ्यानं नव्यानं शूटिंग करायची हौस असेल, किंवा परवा आईबाबांचा वाढदिवस आहे आणि उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजेच अशी घाई असेल, तर जाऊ नका. तुमचंही डोकं फिरेल आणि मामांचंही.

जागा कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत, धान्य बाजाराच्या अंगाला, जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. पाटी नाही. खाली कुणालाही "टेपवाले मामा?" म्हणून विचारलं की बोट जिन्याकडं जातं. नाव छापू का म्हणून मी त्यांना विचारलं होतं. "नको ताई, नाव टाकलंसा की लोकं एलईडी टीव्ही घिऊन जिना चढत्यात," म्हणाले. तेव्हा नाव नाही.

माझा धंदा ब्लाऊज शिवायचा, शाहूपुरीत. कॅमेऱ्याचा आणि माझा संबंध एवढाच, की धाकटे भाऊजी एके काळी लग्नाच्या शूटिंगला जायचे. पुढं पुण्याला नोकरी लागली आणि एक पत्र्याची ट्रंक आमच्या माळ्यावर राहिली. आत दोन कॅमेरे, चार्जर, वायरींचा गुंता आणि टेपाच टेपा. नणंदेचं लग्न, थोरल्याचं बारसं, जोतिबाची यात्रा, पेठेतल्या मंडळाची मिरवणूक, शाहू स्टेडियमवरचे फुटबॉलचे सामने. भाऊजींना फोन केला तर म्हणाले, "वहिनी, चालत असल्या तर बघा, नाहीतर द्या टाकून." असं कसं टाकून देणार?

मामांच्या आधी मी गावात दुसरीकडं विचारून आले होते. एका ठिकाणी काउंटरवरच्या पोरानं कॅमेरा हातात न घेताच "हेड गेलंय, साडेचार हजार" म्हणून सांगितलं. मी म्हटलं, अरे बाळा, चालू तरी करून बघ. तर म्हणाला, जुन्या कॅमेऱ्यांचं हेडच जातं. (हेड म्हणजे टेपेवर चित्र लिहिणारं आणि वाचणारं बारीक टोक.) दुसऱ्या ठिकाणी कॅमेऱ्याकडं बघून हसले. दुकानं कुठली ते राहू दे.

मामांनी कॅमेऱ्याला हातच लावला नाही. आधी टेपा मागितल्या. ट्रंकेतल्या सगळ्या टेपा टेबलावर ओतायला लावल्या आणि वाटे घातले. लहान काड्यापेटीसारख्या दिसणाऱ्या त्या मिनीडीव्ही. हा प्रकार १९९५ साली आला. मोठ्या, ऑडिओ कॅसेटच्या मापाच्या त्या आठ मिलिमीटरच्या. आता खरी गंमत इथं आहे. आठ मिलिमीटरमध्ये तीन पोटजाती आहेत आणि तिन्हींचं खोकं एकाच मापाचं : १९८५चा व्हिडिओ एट, १९८९चा हाय एट आणि १९९९चा डिजिटल एट. साध्या हाय एट कॅमेऱ्यात डिजिटल एटची टेप घातली तर टेप फिरते, आकडे पळतात आणि चित्र मात्र काही येत नाही. माणूस म्हणतो कॅमेरा बिघडला. उलट बाजूनं, डिजिटल एटचे काही कॅमेरे जुन्या हाय एट टेपा दाखवतात, काही दाखवतच नाहीत. मॉडेल बघून घ्यावं लागतं. टेपेवर ९० मिनिटं छापलंय आणि शूटिंग तासाभरातच संपतंय, अशी टेप दिसली की मामा ती डिजिटल एटच्या वाट्यात टाकतात, कारण पाल ह्या आपल्याकडच्या टीव्ही-व्हिडिओच्या पद्धतीत ९० मिनिटांच्या टेपेवर डिजिटल एट ६० मिनिटंच बसतं.

वाटे घालून झाल्यावर त्यांनी नखानं एकेका टेपेची बारकी पट्टी सरकवली. मिनीडीव्हीच्या पाठीवर ती पट्टी असते, एका बाजूला सेव्ह आणि दुसऱ्या बाजूला रेक लिहिलेलं. सगळ्या सेव्हवर. का, तर तपासताना चुकून लाल बटण दाबलं गेलं तर नणंदेच्या लग्नावर मामांच्या टेबलाचं शूटिंग होईल. मला तिथंच माणूस पटला. ह्याच पट्टीपायी निम्मे लोक 'रेकॉर्डिंग होत नाही' म्हणून कॅमेरा घेऊन येतात, असंही ते म्हणाले. पट्टी सरकवून परत पाठवतात, पैसे घेत नाहीत.

मग प्रश्न. "बघताना बिघडतंय, का शूट करताना?" मला उत्तर देता येईना, कारण मी दोन्ही केलेलं नव्हतं. मग त्यांनी ड्रॉवरमधून स्वतःची एक टेप काढली. तिला ते 'खात्रीची टेप' म्हणतात. दुसऱ्या चांगल्या कॅमेऱ्यावर शूट केलेली, रंकाळ्याची पाच-दहा मिनिटं. ही टेप माझ्या कॅमेऱ्यात चांगली दिसली तर कॅमेरा वाचतोय नीट, दोष माझ्या टेपेत. ही पण खराब दिसली तर माझी टेप बाजूला ठेवा, कॅमेरा बघा. मग एका कोऱ्या टेपेवर माझ्या कॅमेऱ्यानं दोन मिनिटं शूट करायचं आणि ती टेप त्यांच्या कॅमेऱ्यात लावायची. माझ्यात दिसते पण त्यांच्यात दिसत नाही असं झालं, तर माझ्या कॅमेऱ्यातली टेपेची वाट सरकलीय. असा कॅमेरा स्वतःचं लिहिलेलं स्वतः वाचतो, दुसऱ्याला वाचता येत नाही. तो लगेच 'नीट' करायचा नाही, कारण नीट केला तर त्याच्याच जुन्या टेपा त्याला वाचता येईनात. आधी सगळ्या टेपा संगणकात उतरवून घ्यायच्या, मग दुरुस्ती. एवढा विचार साडेचार हजारवाल्या काउंटरवर कुणी केला नव्हता.

माझ्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यात खात्रीची टेपसुद्धा फाटली. रंकाळ्याचं पाणी आडव्या पट्ट्यांत दिसत होतं : एक पट्टा हलतोय, त्याच्या खालचा गोठलेला, परत एक हलतोय. मी म्हटलं, गेलं वाटतं हेड. मामा खूश झाले. म्हणाले, असे एकाआड एक पट्टे दिसले म्हणजे एक हेड घाणीनं बंद झालंय, दुसरं चांगलं चालतंय. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. ह्या कॅमेऱ्यात एक ड्रम असतो, मिनिटाला ९००० फेरे मारणारा, त्यावर समोरासमोर दोन हेड. टेप ६.३५ मिलिमीटर रुंद, तिच्यावर तिरक्या रेघा लिहिल्या जातात, एक रेघ १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी रुंद. चित्राची एक फ्रेम म्हणजे अशा १२ रेघा, सहा एका हेडच्या, सहा दुसऱ्याच्या. एका हेडवर कचरा बसला की सहा पट्टे गेले. दोन्ही हेड बंद झाले तर नुसता निळा पडदा किंवा काळं. आणि जुन्या ॲनालॉग हाय एटमध्ये हाच रोग झाला की चौकोन येत नाहीत, मुंग्या येतात. रोग एकच, दिसतो मात्र वेगळा.

साफ करताना मी शेजारी उभी राहून बघितलं. ते आवडत नाही त्यांना, पण ब्लाऊजचं माप घेताना गिऱ्हाईक आरशात बघतंच, तसं मीही बघणार म्हटल्यावर गप्प बसले. आधी साफसफाईची कोरडी कॅसेट, तीही दहाच सेकंद. ती कॅसेट सँडपेपरची धाकटी बहीण आहे, लोक मिनिटभर चालवतात आणि हेड घासून बसतात, असं त्यांचं म्हणणं. पट्टे थोडे हलले, गेले नाहीत. मग कॅमेऱ्याचं कॅसेटचं दार उघडून, वरचं झाकण काढून, भिंग डोळ्याला लावून बसले. बाटलीत ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. काडीच्या टोकाला चामड्याचा मऊ तुकडा. कान कोरायची कापसाची काडी मी पर्समधून काढून देत होते, तर हात असा मागं घेतला की जणू मी विस्तव पुढं केला. कापसाचा एक तंतू हेडच्या टोकाला अडकला तर टोक तुटतं, आणि ते टोक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

ओलसर चामडं ड्रमच्या अंगाला नुसतं टेकवून धरलं, अजिबात न घासता. दुसऱ्या हाताच्या बोटानं ड्रमची वरची कड धरून ड्रमच सावकाश फिरवला. चामडं जागेवर, ड्रम फिरतोय. खालीवर एकदाही नाही. खालीवर घासलं की हेड गेलं. चामड्यावर तपकिरी रेघ उमटली, केसाएवढी. ते टोक मला दाखवलं, फेकलं, दुसरं चामडं लावलं, परत फिरवला. तिसऱ्या खेपेला चामडं पांढरं निघालं. मग वाळायला ठेवला आणि चहा मागवला. अल्कोहोल पुरतं उडून जाईपर्यंत टेप घालायची नाही, नाहीतर ओल्या ड्रमला टेप चिकटते. कॅमेरा धरायला त्यांच्याकडं एक पितळी घोडी आहे, उद्यमनगरातल्या मित्रानं लेथवर करून दिलेली. मी तिचं कौतुक केलं तर म्हणाले, "बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात अख्खा कॅमेरा केला व्हता, मी नुसती घोडी केलीया." ती १९१८ सालची गोष्ट, खरी आहे. त्या कॅमेऱ्याचा स्तंभ जिथं उभा आहे त्या खरी कॉर्नरवरून रोज जाणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसेल.

चहानंतर रंकाळा एकसंध दिसला. ह्याचे ५०० रुपये. साडेचार हजारांशी तुलना तुम्हीच करा.

आता टेपांचं. कॅमेरा साफ झाला तरी भाऊजींच्या काही टेपा तुकड्या-तुकड्यांनी दिसत होत्या, आवाज चिर्र-चिर्र करत होता. इथं मामांनी भाऊजींना चार शब्द ऐकवले, भाऊजी समोर नसताना. टेप वाचवायला त्यांनी लाँग प्ले वापरला होता. ६० मिनिटांच्या टेपेवर ९० मिनिटं बसवायची तर रेघा बारीक कराव्या लागतात, १० मायक्रॉनच्या ६.७ होतात. एवढ्या बारीक रेघेवर हेड जरा इकडंतिकडं झालं की घसरलं. लाँग प्लेची टेप ज्या कॅमेऱ्यावर शूट केली त्याच कॅमेऱ्यावर बरी दिसते, दुसऱ्यावर नशीब. म्हणून कॅमेरा आधी विकून टाकणाऱ्यांनी हे वाचावं : टेपा उतरवून होईपर्यंत मूळ कॅमेरा विकू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. माझ्या ट्रंकेतला कॅमेरा तोच होता म्हणून सामन्यांच्या टेपा बऱ्याचशा निघाल्या. एका टेपेत पहिल्या हाफचा आवाज नाही. पेठेतल्या पोरांना तेच बरं वाटलं, कारण गॅलरीतल्या शिव्या गेल्या.

दुसरा कॅमेरा, आठ मिलिमीटरचा, जास्त त्रासाचा. मामांनी तो हातात घेऊन आधी नाकाशी धरला. मी बघतच राहिले. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ हाय एट कॅमेऱ्यांत बोर्डावरचे बारके कपॅसिटर गळतात आणि सुक्या मासळीसारखा वास येतो, रसायन तांब्याच्या वाटा खातं. असा वास आला की मामा कॅमेरा परत देतात. "बोर्ड नवा करायला मी कंपनी न्हाई." आमच्याला वास नव्हता. त्याचा रोग वेगळा : टेप खात होता. घरी थोरल्यानं एक टेप घालून बघितली होती, ती आत अडकली होती आणि दाराच्या फटीतून तपकिरी फीत लोंबत होती.

ही पाच मिनिटं मी विसरणार नाही. ओढायचं नाही हा पहिला नियम. बॅटरी भरलेली पाहिजे हा दुसरा, कारण ह्या कॅमेऱ्याचं दार मोटरनं उघडतं, अर्धवट बॅटरीवर मध्येच थांबतं आणि फीत आणखी घट्ट धरतं. त्यांनी चार्जर लावला, इजेक्ट दाबलं, दार कुरकुरत वर आलं. कॅसेटचं झाकण वर धरून, चिमट्यानं नाही तर बोटांनी, सुती हातमोजा घालून, फितीचा एकेक वळसा ड्रमवरून आणि बारक्या खांबांवरून उतरवला. मग कॅसेटचं चाक हातानं फिरवून सैल फीत आत घेतली. शिलाई मशीनमध्ये बॉबिनचा दोरा सैल पडला की खाली गुंता होतो, तसंच हे : टेप सोडणारं चाक सोडतंय, पण गुंडाळणारं चाक गुंडाळत नाही. दोष कुठं तर आतल्या एका गिअरवरचं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं, आणि फीत पुढं ढकलणारा रबरी पिंच रोलर चकचकीत, गुळगुळीत. जुनं ग्रीस खरवडून नवं लावलं, बोंडाएवढंही नाही. रोलर त्यांच्याकडच्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढून बसवला. नवीन पार्ट मिळत नाहीत, मेलेले कॅमेरे हेच त्यांचं गोदाम. भिंतीवर खोकी रचलीत, कुणाचं दार, कुणाचा ड्रम. ह्या कामाचे १,२०० घेतले. चुरगळलेला फितीचा भाग त्यांनी कापून फेकला नाही, तसाच ठेवला. तिथं दोन सेकंद चित्र हालतं, पुढं नणंद मांडवात सरळ उभी आहे.

दार बंद करायचीही एक रीत आहे, घरच्यांसाठी सांगते. आतला पाळणा 'पुश' लिहिलंय तिथंच दाबायचा, तो स्वतः खाली बसेपर्यंत थांबायचं, मग बाहेरचं झाकण लावायचं. लोक बाहेरचं झाकणच दाबतात, पाळणा वाकडा होतो आणि मग 'टेप घेतच नाही' म्हणून येतात.

आता जिथं मामांनी हात टेकले ते. थोरल्याला त्या मिनीडीव्हीनं रील्स शूट करायची होती, हल्ली पोरांना ते जुनाट चित्र आवडतं. टेप लावली तर झकास दिसतं, पण कॅमेरा मोडवर टाकला की पडदा काळा, कधी जांभळट, आकडे मात्र दिसतात. मामांनी लेन्सपुढं टॉर्च धरली, काहीच नाही. खटका मागंपुढं केला, टेपेवर सगळं व्यवस्थित. "डोळा गेला, वाचता मात्र येतंय," म्हणाले. आतली सीसीडी, म्हणजे चित्र टिपणारी चिप, गेलेली. ह्याला मोठा इतिहास आहे. सोनीनं बनवलेल्या काही सीसीडींत उष्ण आणि दमट हवेत आतली बारीक जोडणी सुटायची. २००५ साली सोनीनं ते जाहीर केलं आणि त्याच सीसीडी वापरणाऱ्या दुसऱ्याही कंपन्यांनी आपापल्या मॉडेलच्या याद्या काढल्या, काही वर्षं फुकट बदलूनही दिल्या. ती मुदत कधीच संपली. आपल्याच कॅमेऱ्यात तोच दोष होता की दुसरा काही, हे मामांनी ठामपणे सांगितलं नाही, आणि दुसरी सीसीडी बसवायलाही तयार झाले नाहीत. बसवून जुळवायला कंपनीचं सॉफ्टवेअर आणि चार्ट लागतात, माझ्याकडं नाहीत, म्हणाले. थोरला हिरमुसला. मला हा नकार आवडला. नाही येत ते नाही म्हणणारा कारागीर सापडायला नशीब लागतं, आमच्या धंद्यातही.

पावसाळ्याबद्दल त्यांनी जे सांगितलं ते कोल्हापूरकरांनी वहीत लिहून ठेवावं. जूनपासून इथं भिंतींना घाम येतो, मग कॅमेऱ्याला का येणार नाही? ड्रमवर दव बसलं की कॅमेऱ्यातला सेन्सर सगळं बंद करतो, फक्त टेप बाहेर काढू देतो. सोनीच्या कॅमेऱ्यावर तेव्हा सी:२१:०० असा आकडा येतो. सी:२२:०० आला तर हेड साफ करा. सी:३१ किंवा सी:३२नं सुरू झाला तर टेप हलवणाऱ्या यंत्रणेत घोळ. आधी बॅटरी काढून, टेप काढून परत घालून बघा. लोक हे तिन्ही आकडे बघून एकच निष्कर्ष काढतात, 'गेला'. दव असेल तर दार उघडं टाकून कोरड्या जागी तासभर किंवा जास्त ठेवायचा, बस्स. तांदळाच्या डब्यात पुरायचा नाही. तांदळाचा कोंडा ड्रममध्ये गेलेला एक कॅमेरा त्यांनी मला दाखवला आणि त्या घरच्या माणसाला दिलेली शिवीही परत देऊन दाखवली.

बुरशीचं प्रकरण वेगळं. कॅसेटच्या काचेतून बघा, गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती टेप कुठल्याच कॅमेऱ्यात घालू नका. ती बुरशी ड्रमला लागते आणि पुढच्या सगळ्या टेपांना. २०१९ आणि २०२१च्या पुरानंतर मामांकडं अशा टेपांची पोती आली म्हणे. त्यांच्याकडं एक 'रद्दीचा कॅमेरा' आहे, बळी द्यायला ठेवलेला. संशयाची टेप आधी त्यात शेवटपर्यंत पुढं पळवायची, परत मागं आणायची, ड्रम पुसायचा, मग चांगल्या कॅमेऱ्यात. बुरशी खरवडायचं काम ते प्रत्येकाचं घेत नाहीत. पुराच्या गाळातली टेप असेल तर आधी फोन करा, आणि वाळवायला उन्हात टाकू नका.

टेपा उतरवून घेण्याची सोयही तिथंच आहे, आणि इथं लोक फसतात म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बाजारात स्वस्तातली यूएसबी काडी मिळते, तिला पिवळी-पांढरी-लाल वायर लावायची. हाय एटला तसाच काहीतरी मार्ग लागतो, तिथं इलाज नाही. पण मिनीडीव्ही मुळात डिजिटल आहे. ती काडीतून उतरवली तर चांगल्या साडीची झेरॉक्स काढल्यागत होतं. तिला फायरवायर नावाची डिजिटल जोडणी पाहिजे, सोनीवाले आयलिंक म्हणतात. टेपेवर आहे तसंच संगणकात जातं. हल्लीच्या लॅपटॉपला ते भोक नसतं. मामांनी त्यासाठीच एक जुना डेस्कटॉप जिवंत ठेवलाय, घरघर करणारा. तासाच्या टेपेला तासच लागतो, घाई चालत नाही, आणि तासाला साधारण १३ जीबी जागा खातं. ३२चा पेनड्राइव्ह घेऊन गेलात तर दोनच टेपा बसतील. आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ ह्या जुन्या फॉरमॅटचा असेल तर चार जीबीच्या पुढची फाइल तो घेतच नाही. मामा विचारून फॉरमॅट करतात, तेव्हा आतले फोटो आधी काढून न्या. मी सरळ हार्डडिस्क नेली. मूळ मोठी फाइल आणि मोबाईलवर पाठवायला छोटी, दोन्ही देतात. एका टेपेचे १५० रुपये.

वायरीबद्दल एक. कॅमेऱ्याची एव्ही वायर सगळ्या कंपन्यांची आतून सारखी नसते. टीव्हीवर चित्राच्या जागी काळं आणि स्पीकरमध्ये घर्रर्र आलं, तर कॅमेऱ्याला शिव्या घालायच्या आधी पिवळी पिन काढून लाल पिन पिवळ्या भोकात लावून बघा. ट्रंकेतल्या दुसऱ्या वायरनं आम्हाला असंच नाचवलं. आणि अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेला कॅमेरा असेल तर तो एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीचा असणार. त्याच्या टेपा आपल्या पाल कॅमेऱ्यात घातल्या तर बहुतेक दिसणार नाहीत. हे आधी सांगा, म्हणजे मामा दुसरा कॅमेरा काढून ठेवतील.

तक्रारी आहेतच. पावती देत नाहीत, वहीत लिहितात आणि त्यांचं अक्षर त्यांनाच लागतं. फोन दहादा केला तर एकदा उचलतात. माझं काम 'आठवड्यात' म्हणाले होते, महिना लागला. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असेल त्या दुपारी कुलूप, पूर्वसूचना नाही. जिना अरुंद आणि उभा, गुडघेदुखीवाल्यांनी पोराला पाठवावं. कामाची गॅरंटी मागितली तर म्हणाले, वीस वर्षांच्या कॅमेऱ्याची गॅरंटी त्याच्या कंपनीनं पण दिली नसती. बरोबर असेल, पण १,२०० रुपये मोजणाऱ्या बाईला निदान महिन्याभराची हमी द्यायला काय हरकत आहे? मी तोंडावरच बोलले. हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं, काय ते देव जाणे.

एक गोष्ट मला अजून खटकते. काम झाल्यावर त्यांनी माझ्या टेपांतला एखादा तुकडा ओळखीच्यांना दाखवला, जुन्या सामन्याचा. वाईट हेतू नव्हता, त्यात त्यांचा मित्र खेळत होता. पण घरगुती टेपा देताना 'कुणाला दाखवू नका, कॉपी ठेवू नका' हे स्पष्ट सांगा. बारशाच्या आणि डोहाळजेवणाच्या टेपा मी दुसऱ्या खेपेला स्वतः बसून उतरवून घेतल्या. त्यांनी कुरकुर न करता खुर्ची दिली.

जाताना कॅमेरा, त्याचाच चार्जर, असेल ती बॅटरी, सगळ्या वायरी आणि टेपा सगळ्या न्या. दोनच टेपा नेल्या तर रोगाचं निदान अर्धवट होतं. बॅटरी मेलेली असली तरी चालतं, चार्जरवर कॅमेरा चालतो. चालू केल्यावर दर वेळी तारीख विचारत असेल तर ती आतली बारकी बटणासारखी बॅटरी उतरलीय, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका, टेपा दिसायला तिचं काही अडत नाही. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका, दार उघडलेलं नसतं. पैसे मोबाईलवरून घेतात, पण क्यूआर कोड ड्रॉवरमध्ये खात्रीच्या टेपेखाली असतो, तो मागावा लागतो.